चाळीस मिनिटांचा ख्याल आणि तीस सेकंदांचा हिशेब: स्वतंत्र संगीतकाराने यश कशात मोजावे?

जवारी (धागाकर्ती)

नमस्कार. मी ख्याल गाते, मिरजेत राहते आणि गाण्याच्या शिकवण्यांवर माझे घर चालते. गेल्या वर्षी पूरिया धनाश्री रागाचे एक ध्वनिमुद्रण मी स्वतःच्या खर्चाने केले. विलंबित एकतालातला बडा ख्याल, त्याला जोडून द्रुत बंदिश, मागे दोन तंबोरे, तबला आणि संवादिनी असे त्याचे स्वरूप आहे. कलाकारांचे संगीत स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरमार्फत ते सगळ्या मोठ्या सेवांवर गेले. लोक ते ऐकतात हे आकड्यांवरून दिसते, पण त्यातून आजवर जमा झालेल्या रकमेत माझ्या तबल्याच्या साथीदारांची एका बैठकीची बिदागीही भागत नाही.

हे असे का होते याचा मी शांतपणे अभ्यास केला. स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक तीस सेकंद वाजला की ते एक श्रवण धरले जाते. त्यानंतर श्रोता आणखी दोन मिनिटे ऐकतो की चाळीस, याने हिशेबात काहीच फरक पडत नाही. विलंबिताचा पहिला आवर्तनभर विस्तार होण्याच्या आतच माझी मोजणी संपलेली असते. शिवाय दर श्रवणामागे ठरलेला असा दर नसतो. त्या त्या देशातल्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून जमलेला पैसा एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटला जातो, आणि आपल्याकडे वर्गणी कमी असल्याने वाटायची रक्कमही कमी असते. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे झालेली नसतील, तर त्या ट्रॅकच्या ध्वनिमुद्रणाला स्पॉटिफायवर मानधनच मिळत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या प्रतिनिधींनी मला सुचवले की ख्यालाचे तुकडे करावेत. आलापाचा एक, बोल-आलापाचा एक, तानांचा एक, द्रुताचा एक असे सात-आठ ट्रॅक केले, तर श्रवणांची संख्या आपोआप वाढेल. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, परंतु बढतीचा, म्हणजे राग हळूहळू उलगडण्याचा, जो क्रम मी गुरुजींकडे बसून शिकले तो मध्येच तोडून विकायला माझे मन तयार होत नाही.

म्हणून येथील जाणकारांपुढे मी माझी व्याख्या मांडते. एका ध्वनिमुद्रणाच्या विक्रीतून साथीदारांचे, ध्वनिमुद्रकाचे आणि स्टुडिओचे पैसे पूर्ण चुकते व्हावेत आणि पुढच्या ध्वनिमुद्रणाची सोय व्हावी, एवढे झाले की मी त्याला यश म्हणेन. समजा, ३०० रुपयांना ठेवलेला अल्बम १५० जणांनी विकत घेतला, तर ४५,००० रुपये होतात. माझ्या बैठकींना येणारे, माझ्या शिष्यांचे पालक आणि परगावचे ओळखीचे रसिक मिळून दीडशे माणसे जमणे मला अशक्य वाटत नाही. ही व्याख्या अपुरी आहे का? आणि थेट विक्री करायची तर कोणत्या मार्गाने करावी?

तिहाई

जवारीताई, तुकडे करू नका, असे मी तबलजी म्हणून सांगतो. विलंबितात आम्ही जो ठेका धरतो तो समेपासून समेपर्यंत एका श्वासाने चाललेला असतो. मध्ये कापून दोन सेकंदांची शांतता आली की पुढच्या ट्रॅकची सुरुवात उपरी वाटते.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. तुमच्या व्याख्येत साथीदारांचे पैसे पहिल्या ओळीत आले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण आमच्या क्षेत्रात हा विषय बहुधा निघतच नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पाकीट हातात पडते आणि तेथे व्यवहार संपतो. पुढे ते ध्वनिमुद्रण दहा वर्षे विकले गेले तरी तबला आणि संवादिनी वाजवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध उरत नाही. कित्येकदा तर नावही उरत नाही. स्ट्रीमिंगच्या अर्जात मुख्य कलाकाराची जागा असते, गीतकार आणि संगीतकार यांची असते, पण तबल्यावर कोण होते हे भरायची जागा एक तर शोधावी लागते किंवा भरूनही ती श्रोत्याला सहज दिसत नाही.

माझी सूचना अशी आहे की ध्वनिमुद्रणाच्या आधीच एका कागदावर चार गोष्टी लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात: बिदागी किती, खर्च निघाल्यानंतरच्या विक्रीत प्रत्येकाचा वाटा किती, हिशेब वर्षातून केव्हा द्यायचा आणि नावे कोठे कोठे छापायची. काही डिस्ट्रिब्युटर मिळकतीची वाटणी परस्पर ज्याच्या त्याच्या खात्यात करण्याची सोय देतात. डिस्ट्रोकिडकडे ती आहे. थेट विक्रीत ती सोय नसेल, तर हिशेबाची वही आपणच ठेवायची.

मांडवी

मी पणजीहून लिहितो. कोकणी आणि मराठीत स्वतःची गाणी करतो आणि गिटार वाजवतो. थेट विक्री ही इंटरनेटने आणलेली गोष्ट आहे असे आपण समजतो, पण गोव्यात तिला जुनी परंपरा आहे. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या आपल्या घरातच पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, वाद्ये स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर लादून गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोहोचवल्या. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडे नंतर आल्या. तियात्रांतली, म्हणजे कोकणी नाटकांतली, कांतारा (गाणी) हीही कॅसेटींवर आणि पुढे सीडीवर निघत आली, आणि ती घेणारा माणूस बहुतेकदा तियात्र पाहिलेला असे. गाणे ऐकून माणूस भारावलेला असतानाच ते विकत घेण्याची सोय त्याच्या हाताशी असणे, हे थेट विक्रीचे मर्म आहे.

आता व्यवहाराकडे येतो. मी बँडकॅम्प ही कलाकाराला आपले संगीत थेट श्रोत्यांना विकता येणारी ऑनलाइन सेवा वापरतो. २००८ पासून चालू असलेली ही सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि सीडी, टी-शर्ट यांसारख्या वस्तूंवर १० टक्के घेते. पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा पडतो. तुमच्या उदाहरणात ४५,००० रुपयांवर ६,७५० रुपये त्यांचे झाले, आणि उरलेल्या ३८,२५० रुपयांतून तो वेगळा खर्च वजा जाता बाकीची रक्कम तुमच्या हाती येईल. किंमत तुम्ही ठरवता, आणि "एवढे किमान, वाटल्यास अधिक द्या" असे ठेवण्याची मुभा असते. ही मुभा जरूर वापरावी. आवडत्या कलाकाराला ठरलेल्या किमतीहून अधिक देणारे श्रोते खरोखरच असतात, मला ते भेटले आहेत. २० मार्च २०२० रोजी, साथीच्या काळात मैफली बंद पडल्या तेव्हा, बँडकॅम्पने एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला, आणि तेव्हापासून वर्षातले काही शुक्रवार तसे जाहीर होतात. नवा अल्बम त्या दिवशी काढण्याचा प्रघात पडला आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली गोष्ट पैसे मिळण्याची. बँडकॅम्पची रक्कम पेपॅलच्या खात्यात येते, आणि पेपॅलने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत. त्यामुळे परदेशस्थ श्रोत्यांसाठी हा मार्ग ठेवावा आणि येथल्या श्रोत्यांकडून यूपीआयने पैसे घेऊन त्यांना फाइल उतरवून घेण्याचा दुवा स्वतः पाठवावा, हे मला अधिक सोयीचे वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे, सेवा कितीही चांगली असली तरी तिची मालकी बदलू शकते. बँडकॅम्प २०२२ साली एपिक गेम्सने घेतली, २०२३ साली ती साँगट्रेडरकडे गेली आणि तेथल्या सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. विक्री चालू राहिली, पण सावध व्हायला ते पुरेसे होते. म्हणून ज्यांनी आपले संगीत विकत घेतले त्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या जवळ असावेत. उद्या दुकान बदलावे लागले तरी गिऱ्हाईक आपल्याला कोठे शोधायचे ते कळते.

निळी_पाखरे

जवारीताई, तुमची व्याख्या प्रामाणिक आहे, परंतु ती सगळ्या स्वतंत्र कलाकारांना लागू पडणारी नाही. मी नागपूरला राहतो. आमच्या घरात भीमगीते गाण्याची परंपरा आहे.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि दादरला चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला गाण्यांचे जे स्टॉल लागत, ती आमची बाजारपेठ होती. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, त्यानंतर मेमरी कार्डात शेकडो गाणी एकत्र भरून मिळू लागली. गायन पार्टीतले लोक वर्षभर गावोगाव कार्यक्रम करत आणि त्या दिवसांत स्वतःच्या कॅसेटी स्टॉलवर ठेवत. मेमरी कार्डाने हा व्यवहार मोडला, कारण कार्डाची किंमत कार्ड भरून देणाऱ्याला मिळे, गाणाऱ्याला नाही. आता तीच गाणी यूट्यूबवर आहेत. ती ऐकणारे लोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण तेथली मिळकत चॅनेल ज्याचे त्याला किंवा हक्काचा दावा करणाऱ्याला जाते. आमच्या नात्यातल्या एका गायकांनी तरुणपणी एका कंपनीसाठी एकरकमी मानधन घेऊन गाणी गायली. अलीकडे त्यांच्या नातवाने घरच्या कार्यक्रमात त्यांनीच गायलेले ते गाणे स्वतःच्या चॅनेलवर चढवले, तर त्यावर कंपनीचा क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, आला. आजोबांना ते समजावून सांगताना घरातल्या सगळ्यांना जड गेले.

तरीही यश म्हणजे काय, असे त्यांना विचारले तर ते विक्रीबद्दल बोलत नाहीत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपले गाणे आपल्याला न ओळखणाऱ्या पोरांनी पाठ म्हणावे, हे त्यांच्या लेखी यश आहे. वामनदादा कर्डक यांची गाणी महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत गायली जातात, आणि ती गाणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कधी विकत घेतलेली नाहीत. गाणे चळवळीचे असेल तर ते किंमत लावून दाराआड ठेवता येत नाही. दीडशे माणसांनी विकत घेतलेले गाणे आणि दीड लाख माणसांच्या तोंडी असलेले गाणे यांत पहिले यशस्वी आणि दुसरे अयशस्वी, असे मला म्हणवत नाही. मला एवढेच हवे आहे की दुसऱ्या गाण्याच्या कवीचे आणि गायकाचे नाव त्याच्याबरोबर फिरावे, आणि जेथे त्यावर जाहिरात लागते तेथे त्यातला वाटा त्यांच्या घरी पोहोचावा.

जवारी

निळी_पाखरे, आपला आक्षेप मला मान्य आहे. मी बैठकीच्या संगीतापुरता विचार करत होते, जेथे ऐकणारे मुळातच थोडे असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. आपल्या गाण्यात प्रसार हाच हेतू आहे. पण मग दोन्ही ठिकाणी समान अशी एक अट निघते असे मला वाटते, ती म्हणजे ध्वनिमुद्रणाची मालकी आणि नाव गाणाऱ्याकडे राहणे. मालकी असेल तर ते विकायचे की मोकळे सोडायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. आजोबांच्या बाबतीत तोच अधिकार गेला.

कलमदान

कायद्याची बाजू येथे आली पाहिजे, म्हणून लिहिते. मी वकिली करते आणि कलाकारांचे करार वाचण्याचे काम माझ्याकडे येत असते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार घेणारी आणि जबाबदारी उचलणारी व्यक्ती. जवारीताईंनी स्टुडिओ घेतला, साथीदारांना बोलावले, पैसे दिले, म्हणून निर्मात्या त्याच आहेत आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे त्या ध्वनिमुद्रणावर त्यांचा हक्क आहे. डिस्ट्रिब्युटरशी केलेल्या करारात "हस्तांतरण" असा शब्द आहे की "परवाना" असा, हे सहीपूर्वी पाहावे. परवाना असेल आणि तो ठरावीक मुदतीचा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. "कायमस्वरूपी" आणि "भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत" हे शब्द एकत्र दिसले, तर मात्र थांबून विचारावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांना त्यांनी हक्क देऊन टाकले तरीही वापराच्या मानधनातला समान वाटा मागता येतो आणि तो वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. याच दुरुस्तीने कलाकाराला, म्हणजे गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही, व्यावसायिक वापराच्या मानधनाचा हक्क दिला. तिहाईंनी सुचवलेला कागद म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, त्यामागे कायद्याचे बळ आहे.

स्वतःची गाणी लिहिणाऱ्या आणि चाली बांधणाऱ्यांनी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे. १९६९ पासूनची ही संस्था कवी, संगीतकार आणि प्रकाशक यांच्यासाठी मानधन गोळा करते. जुन्या ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे असली, तरी शब्द किंवा चाल ज्यांची आहे त्यांचे स्थान त्याने संपत नाही.

बंदिशींबाबत एक सावधगिरीची सूचना करते. जुन्या पारंपरिक बंदिशीवर कोणाचाच हक्क नाही, पण ज्या वाग्गेयकाराला (शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याला) जाऊन ६० वर्षे झालेली नाहीत त्यांच्या बंदिशीसाठी त्यांच्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी. आपल्याकडे हे विचारण्याची पद्धत नाही. ती पडली तर बरे होईल. पारंपरिक बंदिशीवर यूट्यूबने आपोआप क्लेम लावला, तर "हे ध्वनिमुद्रण माझे स्वतःचे आहे आणि रचना पारंपरिक आहे" असे लिहून हरकत नोंदवता येते. ती जरूर नोंदवावी, गप्प बसू नये.

दूरदेशी

मी श्रोता आहे, गात नाही. बरीच वर्षे न्यू जर्सीत आहे आणि पगारातली एक ठरावीक रक्कम दर महिन्याला संगीतासाठी बाजूला काढतो. विकत घेणाऱ्याला काय हवे असते, याविषयी थोडे लिहितो.

फुकट ऐकायला सगळे उपलब्ध असताना मी विकत का घेतो? कारण विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रणाबरोबर मला गाणे समजून घेण्याची सामग्री मिळावी अशी अपेक्षा असते. बंदिशीचे शब्द, ते कोणत्या बोलीत आहेत, त्यांचा अर्थ, बंदिश कोणाकडून मिळाली, तबला-संवादिनीवर कोण, तंबोऱ्यावर कोणते शिष्य होते, ध्वनिमुद्रण कोठे झाले, हे सगळे चार पानांच्या पुस्तिकेत असले की मी आनंदाने जास्त पैसे देतो. बहुतेक कलाकार हे देत नाहीत आणि मुखपृष्ठावर फक्त स्वतःचे छायाचित्र देतात. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ साली अंडरस्कोअर रेकॉर्ड्स सुरू केले तेव्हा इंटरनेटवरून अभिजात संगीत विकण्याची कल्पना आपल्याकडे फारशी कोणाला परिचयाची नव्हती. आज साधने हाती आहेत, पण माहितीसह काळजीपूर्वक सादर केलेले ध्वनिमुद्रण अजूनही दुर्मीळ आहे.

दुसरी गोष्ट घरगुती बैठकींची. भारतातले कलाकार येथे दौऱ्यावर येतात, कोणाच्या तरी घराच्या तळघरात चाळीस-पन्नास माणसे जमतात, भैरवी होते, जेवणे होतात आणि मंडळी जोडे घालून निघतात. त्या दारापाशी एक छापील कार्ड आणि त्यावर अल्बमचा कोड असेल, तर निघताना निम्मी माणसे तेथल्या तेथे विकत घेतील. दुसऱ्या दिवशी ईमेलने दुवा पाठवला तर त्यांतली फार थोडी घेतात. मांडवींनी कांतारांबद्दल जे लिहिले त्याचा अनुभव मी येथे सतत घेतो.

आणि ताई, मी चाळीस मिनिटे सलग ऐकतो. माझ्यासारखे आणखी आहेत.

मांडवी

दूरदेशींच्या प्रतिसादाला धरून आणखी एक नोंद करतो. प्रत्येक वर्गणीदाराचे पैसे त्याने ज्यांना ऐकले त्यांच्यातच वाटावेत, अशी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ साली काही कलाकारांसाठी सुरू केली. मोठ्या सेवांनी ती स्वीकारली, तर दूरदेशींसारख्या श्रोत्याच्या वर्गणीतला मोठा हिस्सा जवारीताईंसारख्या कलाकारांना मिळेल. तोवर थेट विक्रीखेरीज दुसरा न्याय्य मार्ग मला दिसत नाही.

जवारी

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर मी काही गोष्टी ठरवल्या आहेत.

ख्याल अखंड राहील. तो बँडकॅम्पवर आणि येथल्या श्रोत्यांसाठी यूपीआयने, पुस्तिकेसह, विकायला ठेवीन. स्ट्रीमिंगवरून तो काढणार नाही, कारण परगावचा एखादा विद्यार्थी तेथेच माझ्यापर्यंत पोहोचेल, मात्र स्ट्रीमिंगकडून मिळकतीची अपेक्षा ठेवणार नाही. अभंग आणि नाट्यपदे मुळातच पाच-सहा मिनिटांची असतात, ती तेथे चांगली चालतील. साथीदारांच्या कागदाचा मसुदा मी तयार करत आहे. खर्च निघाल्यानंतरच्या विक्रीत तबला आणि संवादिनी यांना प्रत्येकी २० टक्के, तंबोऱ्यावरच्या दोन्ही मुलींना प्रत्येकी ५ टक्के आणि उरलेले माझ्याकडे, असा विचार आहे. तिहाई, हे योग्य वाटते का?

एक तांत्रिक शंका राहिली. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत तयार, करणाऱ्यांनी स्ट्रीमिंगसाठी आवाजाची पातळी बरीच वर आणली, तेव्हापासून दोन स्वरवाक्यांमधल्या मोकळ्या जागेत तंबोरे अंगावर आल्यासारखे वाटतात. विक्रीच्या प्रतीसाठी ते पुन्हा करून घ्यावे का?

तिहाई

वाटा योग्य आहे, किंबहुना आजवर मला कोणी देऊ केलेल्या वाट्यापेक्षा तो अधिक आहे. तंबोऱ्यावरच्या मुलींचा विचार तुम्ही केलात, ही गोष्ट माझ्या मसुद्यातही मी आता घालणार आहे.

मास्टरिंग जरूर पुन्हा करून घ्या. स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) आसपास स्वतःच आणून ठेवते, त्यामुळे आपण आवाज दाबून वर नेल्याने हाती काहीच लागत नाही. उलट दाबताना हळू स्वर वर येतात आणि तंबोरा गाण्याच्या पुढे येऊन बसतो. मास्टरिंग करणाऱ्यांना सांगा की कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणे) जवळजवळ नको, तबल्याच्या चाटीचे टोक कापले जाऊ नये आणि मंद्रातला पंचम जेवढा स्टुडिओत ऐकू आला तेवढाच ऐकू यावा. विक्रीसाठी २४ बिटची फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) प्रत ठेवा आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या न कापलेल्या फाइल स्टुडिओकडून आजच मागून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, कारण बरेच स्टुडिओ त्या फार काळ सांभाळत नाहीत.